रोबोट धावला का, याआधी तो कोणी बांधला हे विचारा

प्रति,
खान्देशात भरणाऱ्या आंतरशालेय रोबोटिक्स स्पर्धांचे संयोजक, नियम समितीचे सदस्य आणि परीक्षक यांस

स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील शाळकरी मुलांसाठी गेल्या काही वर्षांत रोबोटिक्सच्या स्पर्धा भरू लागल्या, ही आपल्या भागाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे आणि त्यासाठी आपण घेतलेले कष्ट मी जवळून पाहिले आहेत. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस मुलांना तारा जोडायला, डाग द्यायला आणि मल्टीमीटर वाचायला शिकवतो. अशा दोन स्पर्धांत मी परीक्षक म्हणूनही बसलो आहे. हे पत्र मुख्यतः त्या परीक्षकाच्या खुर्चीवरून लिहितो आहे, कारण ज्या निकालपत्रकांवर माझी सही आहे, त्यांपैकी एक निकाल आजही मला योग्य वाटत नाही.

त्या दिवशी काय झाले ते आधी सांगतो. स्पर्धा काळ्या पट्ट्यावरून धावणाऱ्या गाडीची, म्हणजे मुले ज्याला लाइन फॉलोअर म्हणतात त्या प्रकाराची होती. सभागृहाच्या मधोमध पांढऱ्या फ्लेक्सवर काळा मार्ग छापून अंथरला होता. सकाळी सर्व संघांना सरावासाठी वेळ मिळाला, त्यानंतर गाड्यांची तपासणी झाली आणि तपासणीनंतर गाडीला हात लावल्यास १० गुण वजा, असा नियम वाचून दाखवण्यात आला. आश्रमशाळेतून आलेल्या तीन मुलींची गाडी सकाळी उत्तम धावली होती. दुपारी त्यांची पाळी आली तेव्हा सूर्य पश्चिमेच्या खिडक्यांवर उतरला होता आणि उन्हाचा एक चौकोन थेट मार्गाच्या दुसऱ्या वळणावर पडला होता. गाडी तिथपर्यंत आली, अडखळली आणि पट्टा सोडून बाजूला गेली. दुसऱ्या प्रयत्नातही तेच झाले. तेव्हा त्यांच्यातील आठवीतल्या मुलीने क्षणभर त्या उन्हाकडे पाहिले, उदबत्तीच्या रिकाम्या पुड्याचा पुठ्ठा फाडून सेन्सरच्या पट्टीभोवती आडोसा लावला, सेन्सरवरचा छोटा निळा प्रीसेट, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कमीजास्त करणारा फिरता पुर्जा, स्क्रू-ड्रायव्हरने किंचित फिरवला आणि गाडी पुन्हा सोडली. या वेळी गाडीने संपूर्ण मार्ग पूर्ण केला. नियमाप्रमाणे १० गुण वजा झाले, वेळही जास्त भरली आणि संघ पहिल्या दहांतही आला नाही.

त्याच फेरीत प्रथम आलेल्या गाडीचा वेग डोळ्यांत भरणारा होता आणि तिची जोडणीही नेटकी होती. गुणपत्रिकेत प्रश्नोत्तरांसाठी जागा नव्हती, तरी मी सहज म्हणून त्या संघातील मुलाला त्याच निळ्या प्रीसेटकडे बोट दाखवून विचारले की हा कशासाठी असतो. तो गोंधळला आणि दोरीपलीकडे उभ्या असलेल्या त्याच्या प्रशिक्षकाकडे पाहू लागला. प्रशिक्षकाने तिथूनच उत्तर दिले. मी पत्रिकेतील रकाने भरले: वेग, पूर्णता, रूप, सादरीकरण. खाली सही केली. जिने दोष ओळखला, त्याचे कारण शोधले आणि हाताशी होते त्यातून उपाय केला, तिला शिक्षा झाली आणि ज्याला आपल्याच गाडीतला एक पुर्जा ओळखता आला नाही, त्याच्या गळ्यात पदक पडले. दोन्ही गोष्टी नियमाला धरूनच झाल्या, म्हणून दोष नियमात आहे असे माझे म्हणणे आहे.

त्या मुलीने काय केले होते, हे जे वाचक या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडे उलगडून सांगायला हवे, कारण परीक्षकाने नेमके काय तपासायचे हे त्यातूनच कळते. या गाडीच्या पोटाखाली सेन्सरच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक भाग डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि दुसरा भाग जमिनीवरून परत आलेले किरण टिपतो. पांढऱ्या पृष्ठभागावरून किरण भरपूर परततात, काळ्या पट्ट्यावर ते शोषले जातात आणि परत आलेल्या किरणांच्या या कमीजास्तपणावरून गाडीला पट्टा कळतो. किती किरण आले म्हणजे पांढरे मानायचे आणि किती आले म्हणजे काळे, ही सीमारेषा त्या निळ्या प्रीसेटने किंवा प्रोग्राममधील आकड्याने ठरते. उन्हात अवरक्त किरण मुबलक असतात, तर एलईडी ट्यूबच्या उजेडात जवळजवळ नसतात. त्यामुळे सकाळी ट्यूबच्या उजेडात ठरवलेली सीमा दुपारच्या उन्हात खोटी ठरते आणि उन्हाने उजळलेला काळा पट्टा गाडीला पांढराच वाटतो. पुठ्ठ्याच्या आडोशाने बाहेरचे ऊन अडले आणि प्रीसेटने उरलेला फरक भरून निघाला. मोजमाप करणारे कुठलेही उपकरण आजूबाजूच्या परिस्थितीप्रमाणे जुळवून घ्यावे लागते, हा माझ्या व्यवसायाचा पहिला धडा आहे आणि तो त्या मुलीच्या हाताला ठाऊक होता.

तयार गाडी घेऊन येणाऱ्या मुलांबद्दल माझ्या मनात जराही राग नाही. पालक पदरमोड करून मुलांना रोबोटिक्सच्या खासगी वर्गाला घालतात. वर्गाचे नाव पदकांवर मोठे होत असल्यामुळे वर्गचालक गाडी स्वतः बांधून देतात, प्रोग्राम स्वतः भरून देतात आणि मुलाच्या वाट्याला फक्त बटण दाबणे उरते. यात सर्वांत मोठे नुकसान त्याच मुलाचे आहे. मोटर का फिरत नाही या प्रश्नाशी झटण्याचा, चार वेळा चुकून पाचव्या वेळी ती फिरताना पाहण्याचा आनंद त्याला मिळालेलाच नसतो. चौकोनी ९ व्होल्टच्या सेलवर दोन मोटरी लावल्या तर गाडी का दमते आणि मोटरी सुरू होताच गाडीचा प्रोग्राम चालवणारा बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट का होतो, हे ज्याने एकदा स्वतः भोगले, त्याला विद्युतप्रवाह आणि अंतर्गत रोध यांचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. बाजारात सर्वत्र मिळणारा लाल रंगाचा एल-२९८ ड्रायव्हर, म्हणजे बोर्डाच्या हुकमाने मोटरींना वीज देणारा भाग, स्वतःच सुमारे २ व्होल्ट खाऊन टाकतो, हे मोजून पाहिलेला मुलगा पुढे कुठल्याही यंत्रासमोर उभा राहिला तरी आधी विचारेल की वीज कुठे चालली आहे.

शालेय रोबोटिक्सच्या ज्या मोठ्या स्पर्धांकडे पाहून आपण आपल्या स्पर्धा आखतो, त्यांनी या प्रश्नावर बराच विचार केलेला आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१६ मध्ये जिची आंतरराष्ट्रीय अंतिम फेरी दिल्लीजवळ झाली, त्या वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमध्ये स्पर्धेच्या दिवशी सकाळी एक आकस्मिक नियम जाहीर होतो आणि मुलांना तिथल्या तिथे आपली गाडी व प्रोग्राम त्याप्रमाणे बदलावा लागतो. त्या वेळात प्रशिक्षकाला संघाजवळ जाता येत नाही. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या फर्स्ट या अमेरिकी संस्थेच्या लेगो लीगमध्ये मैदानावरील फेरी अवघी अडीच मिनिटांची असते, पण त्याखेरीज परीक्षक मुलांसोबत बसून गाडीची रचना कशी सुचली, काय फसले आणि कोणी कोणते काम केले हे विचारतात आणि त्याचे वेगळे मूल्यमापन होते. आपण या स्पर्धांकडून मैदान, फ्लेक्स, पदके आणि वेगाची मोजणी घेतली, मात्र ज्या नियमांमुळे काम मुलाच्या हातात राहते ते नियम मागेच राहिले.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी अशी आहे की गाडी घरून आणण्याची पद्धत किमान शालेय गटापुरती बंद करावी आणि संघांनी ती स्पर्धेच्या ठिकाणी, सर्वांच्या डोळ्यांसमोर बांधावी. प्रत्येक संघाला संयोजकांनी सारखीच पेटी द्यावी. त्या पेटीत एक आर्डुइनो जातीचा बोर्ड, एक मोटर ड्रायव्हर, चाकांसह दोन बीओ (सेलवर चालणाऱ्या छोट्या) मोटरी, पाच अवरक्त सेन्सर, एक अंतर मोजणारा ध्वनी सेन्सर, डाग न देता जोडणी करण्याचा ब्रेडबोर्ड, जंपर तारा, सेलचा होल्डर, साधा प्लॅस्टिकचा सांगाडा आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढे पुरते. बांधणीला तीन तास द्यावेत. शिक्षक आणि पालक दोरीबाहेर बसतील. मार्गाचा आराखडा त्याच दिवशी सकाळी दाखवावा आणि दुपारी त्यात एक बदल करावा, म्हणजे पाठ केलेला प्रोग्राम चालणार नाही. प्रयत्नांच्या मध्ये दुरुस्ती करण्यास पूर्ण मोकळीक असावी, इतकेच नव्हे तर चांगल्या दुरुस्तीला गुण असावेत. १०० गुणांपैकी ४० गुण गाडीच्या धावेला, ४० गुण मुलांच्या स्पष्टीकरणाला आणि २० गुण त्यांच्या नोंदवहीला द्यावेत, असे मला वाटते. या आकड्यांबद्दल माझा हट्ट नाही, पण स्पष्टीकरणाचे गुण धावेच्या गुणांपेक्षा कमी नसावेत याबद्दल मात्र आहे.

सारख्या पेटीचे आणखी एक कारण आहे आणि ते सुरक्षिततेचे आहे. लहान गावांतील मुले मोडीतल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यांतील लिथियमचे सेल वापरताना मी पाहिली आहेत. कल्पकता म्हणून मला त्यांचे कौतुक वाटते, पण असा सेल शॉर्ट झाला किंवा त्याला भोक पडले तर तो पेट घेतो आणि सव्वाशे मुले बसलेल्या मंडपात हा धोका कोणीही पत्करू नये. समितीने तपासून दिलेलेच सेल वापरायचे, असा नियम केला की हा प्रश्न मिटतो.

महागड्या परदेशी किटांचा आग्रहही याच पेटीमुळे सुटेल. काही स्पर्धांच्या माहितीपत्रकात विशिष्ट कंपनीचेच किट लागेल असे लिहिलेले असते. एका कंपनीवर विसंबण्यात काय जोखीम असते ते लेगोच्या माइंडस्टॉर्म्स मालिकेने दाखवून दिले आहे. जगभरच्या शाळांनी वापरलेली ती मालिका २०२२ च्या अखेरीस बंद झाली आणि ज्यांनी तिच्यावर पैसे घातले होते त्यांच्यापुढे सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. याउलट इटलीतील इव्हरिया येथे २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या आर्डुइनो बोर्डाचा आराखडा खुला आहे, त्यामुळे त्याच्यासारखा बोर्ड कोणीही बनवू शकतो आणि तो आज काही शे रुपयांत जळगावच्या किंवा धुळ्याच्या दुकानातही मिळतो. त्याची स्मृती ३२ किलोबाइट इतकी लहान आहे, तरी शाळकरी मुलाला लागणारे सारे तिच्यात मावते.

आता भाषेविषयी. या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण इथे होणारे नुकसान कोणत्याही पत्रकात उमटत नाही. सादरीकरण इंग्रजीत असावे असा लेखी नियम बहुधा नसतो, पण प्रवेशपत्र इंग्रजीत असते, नियमावली इंग्रजीत असते, परीक्षकांचा पहिला प्रश्न इंग्रजीत येतो आणि मग जिच्या शाळेत वर्षानुवर्षे विज्ञानालाही धड शिक्षक नव्हता ती मुलगी गप्प बसते. ती गप्प बसली की आपण तिच्या नावापुढे ‘आत्मविश्वास कमी’ असे लिहितो. ज्या मुलीची गोष्ट मी वर सांगितली, तिला मी फेरी संपल्यावर बाजूला घेऊन अहिराणीत विचारले तेव्हा ती लगेच म्हणाली, “ऊन पडनं म्हनीसन गाडीले काया पट्टा दिखना नही.” या एका वाक्यात निरीक्षण आहे, कारण आहे आणि परिणामही आहे. अभियांत्रिकीच्या तोंडी परीक्षेत याहून नेमके उत्तर मी क्वचितच ऐकले आहे.

आपल्या तीन जिल्ह्यांत मुले अहिराणी बोलतात, रावेर-यावलकडे लेवा गणबोली बोलतात, शहादा-तळोद्याकडे गुजरी बोलतात, सातपुड्यात भिली आणि पावरी बोलतात. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, म्हणजे त्या जिल्ह्यातून येणाऱ्या कितीतरी मुलांना प्रमाण मराठीसुद्धा शाळेतच शिकावी लागलेली असते. या मुलांना आपल्या बोलीत उत्तर देण्याचा हक्क नियमावलीतच लिहून द्यावा आणि प्रत्येक परीक्षक मंडळात स्थानिक बोली समजणारी किमान एक व्यक्ती असावी. सेन्सरला सेन्सरच म्हणतील, मोटरला मोटरच म्हणतील. शब्दांची अडचण मुळीच नसते, अडचण असते ती परीक्षकाच्या कपाळावरच्या आठीची. नियमावली मराठीत छापायला तर पैसेही लागत नाहीत.

प्रश्न कसे विचारावेत याबद्दलही थोडे सांगतो, कारण परीक्षकांची तयारी हा विषय आपल्या बैठकांत येतच नाही. “आर्डुइनो म्हणजे काय?” असे विचारले की पाठ केलेली व्याख्या मिळते. त्याऐवजी एक तार हळूच काढावी आणि गाडी का थांबली ते शोधायला सांगावे. किंवा असे विचारावे की तुमचा ध्वनी सेन्सर भिंतीचे अंतर प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून काढतो, तर मग मे महिन्यात भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात तो तेच अंतर दाखवेल का? हवेचे तापमान २० अंश असताना ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि ४५ अंशांना सुमारे ३५८ मीटर जातो, म्हणजे प्रोग्राममध्ये थंड हवेतला वेग लिहिलेला असेल तर एक मीटरवरची भिंत उन्हाळ्यात ४-५ सेंटिमीटर जवळ दिसते. मुलाला आकडे सांगता आले नाहीत तरी चालेल. “उन्हात आवाज वेगळा जात असेल का?” असा प्रतिप्रश्न त्याने केला, तरी त्याला पूर्ण गुण द्यावेत.

ज्या विभागात मुले स्वतःच्या कल्पनेचा प्रकल्प मांडतात, तिथे मला दरवर्षी झाकण आपोआप उघडणारी कचरापेटी आणि अंध व्यक्तींसाठी आवाज करणारी काठी दिसते. हे प्रकल्प वाईट नाहीत, पण त्यांचे सुटे भाग आणि प्रोग्राम एकत्र बांधून विकत मिळतात आणि परीक्षकांना ते ठाऊक असते. आपल्या भागातील खऱ्या अडचणी विषय म्हणून आधीच जाहीर केल्या तर मुलांना घरातल्या माणसांशी बोलावे लागेल. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची उघड्यावर वाळत पडलेली असते आणि अवकाळी पावसाची एक सर आली तरी ताडपत्री ओढेपर्यंत माल भिजतो. पावसाचा पहिला थेंब पडताच भोंगा वाजवणारे आणि ताडपत्री ओढणारे यंत्र सातवीतल्या मुलांच्याही आवाक्यात आहे. केळीच्या बागेत शेतीपंपाला रात्री वीज येते म्हणून बाप अंधारात साप-विंचवाच्या वाटेने पंप सुरू करायला जातो, हे रावेर-चोपड्याच्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेले असते. पंपासाठी मोबाईलवर चालणारे स्टार्टर बाजारात आहेतच, ते कसे चालतात आणि विहिरीत पाणी नसताना पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून काय करता येईल, हे मुलांनी करून दाखवावे. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना कापसाला ठिणगी लागते आणि गंज्या पेटतात, त्याची वेळीच सूचना देणारे यंत्रही करता येईल. पांझरा नदीवर फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या पद्धतीचे, जुने बंधारे आणि पाट आहेत, त्यांतील पाण्याची पातळी मोजणारा साधा तरंगता सेन्सरही उत्तम प्रकल्प होईल. अशा प्रकल्पाचा प्रश्न घरातला असल्यामुळे तो विकत मिळत नाही आणि परीक्षकालाही त्यातून काही शिकता येते.

स्पर्धेच्या तारखेबाबत माझी तक्रार गंभीर आहे. आपल्या स्पर्धा बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, कारण तेव्हा महाविद्यालयांची सभागृहे मोकळी असतात. पण दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा, साक्री या भागांतील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातेत उतरतात आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. जी मागे राहतात, ती कापसाच्या वेचणीत असतात. त्या काळात ‘नंदुरबारमधून प्रतिसाद कमी’ असा अहवाल लिहिणे अन्यायाचे आहे. स्पर्धा सप्टेंबरात ठेवावी, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. ठिकाणाचेही तसेच. नंदुरबारच्या सातपुड्यातील मोलगीच्या मुलांनी सकाळी नऊच्या नोंदणीला जळगावात हजर व्हायचे तर त्यांना आदल्या दिवशीच निघावे लागते, मुक्कामाची सोय शोधावी लागते आणि मुलींच्या बाबतीत तर पालक तिथेच नकार देतात. प्राथमिक फेरी शहादा, शिरपूर, चोपडा, चाळीसगाव अशा ठिकाणी घेऊन अंतिम फेरीपुरते सर्वांना एकत्र बोलवावे आणि त्या मुक्कामाची सोय संयोजकांनी करावी. प्रवेशशुल्क रद्द करावे, एवढे म्हणून तो विषय संपवतो.

यावर आपण पैशाचा आणि माणसांचा प्रश्न काढाल आणि तो रास्त आहे. पेट्यांचा खर्च एकदाच होतो, त्या दरवर्षी वापरता येतात आणि तीन जिल्ह्यांत फिरवता येतात. मोडलेल्या मोटरी आणि तुटलेल्या तारा बदलण्याचे काम आमच्यासारखे निवृत्त शिल्पनिदेशक आनंदाने करतील. परीक्षक आणि मदतनीस म्हणून शासकीय तंत्रनिकेतनांची अंतिम वर्षाची मुले आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशक आहेत, भुसावळच्या रेल्वे लोको शेडमधील तंत्रज्ञ आहेत आणि दीपनगरच्या वीज केंद्रातील कर्मचारीही आहेत. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरात सुमारे १०,००० शाळांना टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या प्रयोगशाळा, दिल्या असून एका लॅबमागे २० लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली आहे. आपल्या भागात ज्या शाळांकडे ही साधने आहेत, त्यांनी महिन्यातून दोन शनिवार शेजारच्या शाळांसाठी दार उघडे ठेवावे, अशी विनंती संयोजकांनी केली तर तिला वजन येईल. मी पाहिलेल्या एका लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटरवर आच्छादन घातलेले होते आणि ते काढायला कोणाला परवानगी नव्हती. यंत्र वापरून बिघडले तर दुरुस्त करता येते, पण न वापरता ठेवलेले यंत्र कोणाच्याच कामाचे नाही.

पैशाच्या बाबतीत आपल्याच भूमीतला एक दाखला द्यावासा वाटतो. चाळीसगावजवळ पाटणे येथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे, जो भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, असे त्यात कोरले आहे. लेखाच्या शेवटच्या जुन्या मराठीतील ओळी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावरचे उत्पन्न मठाला द्यावे आणि चालणाऱ्या घाण्यांमागे पळी पळी तेल द्यावे, अशी व्यवस्था त्यांत आहे. गणिताची शाळा चालावी म्हणून आठशे वर्षांपूर्वी खान्देशातल्या बाजारपेठेने आणि तेल्यांच्या घाण्यांनी हातभार लावला होता. आज आपल्याकडे केळीचा व्यापार आहे, जिनिंग आहेत, चटई आणि पाइपचे कारखाने आहेत, दाळ मिल आहेत. त्यांना मंडपावर फलक लावण्यासाठी देणगी मागण्याऐवजी प्रत्येकी पाच पेट्या मागाव्यात आणि पेटीच्या झाकणावर त्यांचे नाव लिहावे. शंभर पेट्यांची साहित्यपेढी तीन जिल्ह्यांना पुरेल आणि स्पर्धेखेरीजच्या दिवसांत त्या पेट्या शाळांना आळीपाळीने वापरायला देता येतील.

या बदलांमुळे पहिल्या वर्षी गाड्या हळू धावतील, काही धावणारच नाहीत आणि पाहुण्यांना दाखवण्याजोगे कमी असेल. वर्तमानपत्रातील छायाचित्र साधे येईल. तेवढे सोसण्याची तयारी संयोजकांनी ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुढील स्पर्धेची नियमावली जाहीर होण्यापूर्वी आपण एक बैठक बोलवावी आणि तिला ग्रामीण व आश्रमशाळांतील विज्ञान शिक्षकांना आवर्जून बोलवावे. हवे असल्यास नव्या नियमांची चाचणी आमच्या शाळेच्या सभागृहात आठ संघांवर घेता येईल. आठ पेट्यांइतके साहित्य मी आणि माझे जुने सहकारी मिळून उभे करू. उदबत्तीच्या पुड्याचा आडोसा लावणारी ती मुलगी आता दहावीत जाईल. बहुतेक स्पर्धांत शालेय गटाची मर्यादा दहावीपर्यंतच आहे, म्हणून हा बदल पुढच्या वर्षावर न ढकलता याच वर्षी करावा, असे मी पुन्हा एकदा विनवितो.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
चोपडा तालुका, जि. जळगाव

ता. क. : मार्गाचा फ्लेक्स चकचकीत न घेता मॅट घ्यावा, कारण चकाकीमुळे सेन्सर फसतात. प्रत्येक काळी शाई अवरक्त किरण सारखेच शोषते असे नसते, म्हणून छापून आल्यावर आदल्या दिवशी एका सेन्सरने संपूर्ण पट्टा तपासून घ्यावा. आणि पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे लावावेत.